आषाढातला शनिवार, श्रीवर्धन

पहाटे ५.४०

वॉर्डातून सिस्टरचा फोन येतो. "सर, ट्यूब लावलीय. सहाला बघायला या." बाकी काही सांगायची गरज नसते.

काल दुपारी शेताच्या गडग्यातला ढासळलेला चिरा उचलताना एका बाईच्या बोटाला फुरसं चावलं. कोकणात हा साप भातखाचरापेक्षा कातळावर आणि दगडी गडग्यातच जास्त सापडतो. लांबीला जेमतेम हातभर, पण त्याच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद जाते. बाई आली तेव्हा हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. दहा व्हायल प्रतिविष दिलं. मध्यरात्रीच्या चाचणीतही रक्त गोठेना, म्हणून आणखी दहा दिल्या. आता त्याला सहा तास होत आले आहेत.

या चाचणीला यंत्र लागत नाही. काचेची नवी, कोरडी परीक्षानळी घ्यायची, शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात सोडायचं, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करून बघायची. नळी प्लास्टिकची असून चालत नाही. साबणाने धुतलेली काचेचीही चालत नाही, कारण रक्ताचा काचेशी संबंध आला की गोठण्याची साखळी सुरू होते आणि साबणाचा अंश ती अडवतो. मग निरोगी माणसाचं रक्तही पातळ दिसतं आणि विनाकारण प्रतिविष टोचलं जातं. हे मला मुंबईत एमडी करताना कुणी इतक्या बारकाईने सांगितलं नव्हतं; तिथे फुरसं चावलेला पेशंट येणार कुठून? सांगितलं ते असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या राज्य शाखेच्या एका कार्यशाळेत, सिंधुदुर्गात आयुष्य काढलेल्या एका ज्येष्ठ फिजिशियननी. त्यांनी स्वतःच्या खिशातून दोन नळ्या काढून, धुतलेली आणि न धुतलेली, समोर धरल्या होत्या.

सहा वाजून पाच मिनिटांनी मी नळी आडवी करतो. गाठ जागची हलत नाही. बाईचा नवरा दाराशी उभा आहे, त्याला सांगतो, "गोठलं रक्त. आज चहा-बिस्किट द्या, उद्या बघू." तो काही न बोलता पायरीवरच बसतो.

७.००

घरी चहा, आणि शेजारी काल पोस्टाने आलेला 'जापी'चा अंक. जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया हे लांबलचक नाव कुणी घेत नाही, आम्ही 'जापी'च म्हणतो. असोसिएशनची स्थापना १९४४ची. राष्ट्रीय संस्था, तिच्याखाली राज्यांच्या शाखा, म्हणजे चॅप्टर, आणि त्यांच्याखाली शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या शाखा अशी तिची रचना आहे. मेडिसिनमधली पदव्युत्तर पदवी घेतली की एकदाच फी भरून आजीव सभासद होता येतं. त्याबदल्यात काय मिळतं याची यादी छापील पत्रकात असते: मासिक, परिषदेच्या नोंदणीत सवलत, मतदानाचा हक्क, आणि पुरेसं काम असेल तर इंडियन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची फेलोशिप. महाराष्ट्र शाखेची वार्षिक परिषद 'मॅपिकॉन' नावाने भरते, राष्ट्रीय परिषद 'एपिकॉन' नावाने.

माझ्या कपाटात संघटनेचं पाठ्यपुस्तकही आहे, 'एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन'. त्याची पहिली आवृत्ती १९६९ साली निघाली, संपादक होते मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे त्यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेशंटच्या नोंदींसह मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या औषधाकडे वळलं. आपल्याकडची मुळी, आपल्याकडचे पेशंट, आणि नोंदी काटेकोर. अशा माणसाने संपादित केलेलं पुस्तक म्हणून मला त्याबद्दल वेगळा आदर आहे. परदेशी पाठ्यपुस्तकात लेप्टोस्पायरोसिसला दोन-तीन पानं असतात आणि फुरशाला परिच्छेदभर जागा. आमच्याकडे जुलै महिना या दोन गोष्टींवरच जातो.

८.३०

राउंड. दहा खाटा, सगळ्या भरलेल्या.

चार नंबरला छत्तिशीतला शेतकरी आहे, तापाचा पाचवा दिवस. लावणी चालू आहे, रोज आठ-आठ तास चिखलात उभा, पायाला भेगा. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. मी पोटऱ्या दाबतो. हलकासा दाब दिला तरी तो कळवळून पाय ओढून घेतो. पोटऱ्यांचं हे दुखणं आणि लाल डोळे एकत्र दिसले की रिपोर्टची वाट बघायची नाही, अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं. उंदराच्या मुतातून खाचराच्या पाण्यात आलेला लेप्टोचा जंतू भेगांतून शरीरात शिरतो. रक्तातली आयजीएम चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा निगेटिव्ह येते, आणि त्या कागदावर विसंबून राहिलं तर मूत्रपिंड आणि फुप्फुसं हातची जातात. त्याच्या प्लेटलेट साठ हजारांवर आल्या आहेत, क्रिएटिनिन दोनच्या पुढे, लघवी मात्र चांगली होते आहे. सेफ्ट्रिॲक्सोन कालपासून चालू आहे. आज हलवायचं का? संध्याकाळी पुन्हा रक्त बघून ठरवू. डायलिसिस लागलंच तर घाट उतरून माणगाव, तिथून पनवेल, आणि पावसात तो रस्ता किती वेळ घेईल ते कुणी सांगू नये.

बाकीचे बरे आहेत.

१० ते १.३०, ओपीडी

बाकावर आज जीवना बंदराकडचे लोक जास्त आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून वर्षभर न दाखवणारी माणसं या दिवसांत शुगर आणि प्रेशर तपासायला येतात. आणि नेमकं याच दिवसांत प्रेशर वाढलेलं सापडतं. ताजी मासळी नाही, मग घरोघर सुकट, सोडे, सुके बोंबील, खारवलेला बांगडा. गोळ्या चुकवत नाही असं शपथेवर सांगणाऱ्या मावशींचं प्रेशर १७० वर कसं, याचं उत्तर त्यांच्या डब्यात असतं.

असोसिएशनच्या पुढाकाराने रक्तदाबाची भारतीय मार्गदर्शिका तयार झाली, तिची तिसरी आवृत्ती २०१३ साली 'जापी'च्या पुरवणीत आली. कुठली गोळी आधी, मधुमेही माणसाला कुठली, किती दिवसांनी वाढवायची, हे तिच्यात एका ठिकाणी मिळतं. पण आषाढातल्या सुक्या मासळीचं काय करायचं हे अशा मार्गदर्शिकेत लिहायचं असेल तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनीच लिहून पाठवायला हवं. मी मावशींना सांगतो, "बांगडा रात्रभर पाण्यात टाका, पाणी दोनदा बदला, आणि वरून मीठ घालू नका." "मग त्याला चव काय राहणार, डॉक्टर?" त्या विचारतात. आमटीत कोकम जास्त टाका म्हणतो. मान हलवतात. पुढच्या खेपेला कळेल.

संघटनेने २००९ साली प्रौढांच्या लसीकरणाचीही मार्गदर्शिका काढली. लस म्हणजे लहान मुलांची, ही समजूत खेड्यात आणि शहरातही सारखीच घट्ट आहे. मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला न्यूमोनियाची लस सुचवली की घरचे माझ्याकडे संशयाने बघतात. अशा वेळी छापील पान समोर ठेवता येतं, "हे मी एकटा म्हणत नाही." त्याचा उपयोग होतो.

सव्वाबाराला रांग मोडते. पन्नाशीच्या आतला एक नाखवा, शुगर दाखवायला आलेला, बाकावरच घामाने भिजला आहे. "छातीत भरल्यासारखं वाटतंय," म्हणतो. ईसीजी काढायला चार मिनिटं. छातीवरच्या पहिल्या चारही लीडमध्ये रेष वर चढलेली. हृदयाची पुढची मुख्य रक्तवाहिनी बंद. अँजिओप्लास्टी करणारी जवळची लॅब पनवेलच्या बाजूला, साडेतीन-चार तासांवर. दोन तासांत तिथे पोचवता येत नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जागेवरच द्यायचं, यात वाद नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चघळायला दिलं. वजन ६६ किलो, म्हणजे टेनेक्टेप्लेज ३५ मिलिग्रॅम. इंजेक्शन फ्रीजमधून काढून हातात घेतलं आणि त्याची बायको म्हणाली, "डॉक्टर, आठ दिवसांमागं होडी वर घेताना यांच्या डोक्याला फळी लागली होती."

कपाळावर अजून टेंगूळ आहे. या औषधाने हृदयातली गाठ विरघळते, तसा मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. डोक्याला अलीकडे मार बसला असेल तर देऊ नये असं पुस्तक म्हणतं. किती मार, ते पुस्तक स्पष्ट सांगत नाही.

मी नवी मुंबईतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांची माझी ओळख वार्षिक परिषदेत जेवणाच्या रांगेत झालेली, पुढे त्यांनी माझे कितीतरी ईसीजी बघितले. दुसऱ्या रिंगला उचलला. "बेशुद्ध पडला होता?" नाही. "उलटी?" नाही. "आज डोकं दुखतंय?" नाही. "पूर्वी अर्धांग, रक्ताची उलटी, शौचाला काळं?" नाही. "दे. त्यांना धोका समजावून सांग, कागदावर लिही, सही घे आणि दे. वेळ घालवू नकोस. इकडे बेड ठेवतो." मी समजावून सांगितलं. नाखवाने सही केली, बायकोनेही. इंजेक्शन १२.३८ला गेलं.

तासाभरात दुखणं ओसरलं. दुसऱ्या ईसीजीत रेष निम्म्याहून खाली आली. दीडच्या सुमाराला १०८ची गाडी डॉक्टरसह निघाली, चिठ्ठी आणि दोन्ही ईसीजी नाखवाच्या मुलाच्या हातात.

पत्रकातल्या यादीत हा फोन कुठेच नाही. पण संघटनेने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगेन. निर्णय माझा होता, सही माझी होती, आणि काही बिघडलं असतं तर जबाबदारीही माझीच होती. तरी त्या दोन मिनिटांत मी एकटा नव्हतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाजूच्या खोलीत जाऊन सहकाऱ्याला विचारता येतं. इथे बाजूच्या खोलीत औषधांची खोकी आहेत. ओळख नसलेल्या तज्ज्ञाला दुपारी सव्वाबाराला फोन लावला असता तर रिसेप्शनवरच्या मुलीने नंतर करा म्हटलं असतं, आणि त्यात तिची काही चूक नसती.

२.१५

जेवण. उभ्याउभ्याच.

३.१५

आतल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेडिकल ऑफिसर मॅडमचा फोन. नऊ वर्षांचा मुलगा, लाकडाच्या मोळीतून लाल विंचू चावला, दोन तास झाले. दोनदा उलटी, अंग घामाने चिंब, हातपाय गार, नाडी दीडशे. "सर, ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलंय. ॲट्रोपिन देऊ का?"

"ॲट्रोपिन अजिबात नको. प्राझोसिन आहे? साधी गोळी, हळूहळू विरघळणारी नको."

आहे. वजन २४ किलो. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमची पाऊण गोळी. "गोळी दिल्यावर त्याला उठू देऊ नका, प्रेशर एकदम उतरतं. दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. छातीत घरघर ऐकू आली तर लगेच इकडे पाठवा."

हे जे मी अर्ध्या मिनिटात फोनवर सांगितलं ते रायगड जिल्ह्यातच शोधलं गेलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाने माणसं मरत होती, आणि ती का मरतात ते कुणी नीट बघितलेलं नव्हतं. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नाडी, प्रेशर, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं लॅन्सेटमध्ये आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरात असलेली स्वस्त गोळी म्हणजे प्राझोसिन त्यांनी वापरून बघितली आणि १९८६ साली तेही लॅन्सेटने छापलं. पूर्वी गंभीर दंश झालेल्यांपैकी चौथा हिस्सा तरी दगावत असे. प्राझोसिन रुळल्यावर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्ये सत्तर पेशंटची चाचणी केली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविषाची जोड दिलेले पेशंट लवकर बरे झाले, हा निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लॅन्सेट त्या काळात आमच्याकडच्या किती डॉक्टरांच्या टेबलावर पोचत होतं? बावस्करांनी विंचूदंशावर 'जापी'तही वेळोवेळी लिहिलं, आणि ते पोस्टाने येणारं मासिक तालुक्याच्या गावांतले फिजिशियन वाचत होते. सभासदाला मासिक मिळतं ही गोष्ट छोटी वाटते. पण महाडला सापडलेलं उत्तर बुलढाण्यातल्या किंवा चंद्रपुरातल्या एकट्या डॉक्टरापर्यंत नेण्याचा तोच रस्ता होता. असं मासिक चालवणं हे संघटनेचं पहिलं काम आहे असं मी मानतो. बाकी सगळं त्याच्या नंतर.

पाच वाजता मॅडमचा निरोप येतो. हात गरम व्हायला लागलेत, उलटी थांबली.

५.३०

संध्याकाळची ओपीडी. दोन पेशंटच्या मध्ये एका औषध कंपनीचे एमआर येतात. भला मुलगा, पावसात माणगावहून बाइकवर आलेला. येत्या परिषदेत त्यांच्या कंपनीचा स्टॉल आहे, "सर, नोंदणीचं आम्ही बघतो," म्हणतो. मी नको म्हणतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून चहा देतो.

इथे मला आमच्या संघटनांबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घेऊ नये असा नियम मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने डिसेंबर २००९मध्ये केला. तो डॉक्टरांनाही लागू होता आणि त्यांच्या संघटनांनाही. २०१६च्या दुरुस्तीत संघटना त्यातून वगळल्या गेल्या. मग राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २ ऑगस्ट २०२३ला नवी नियमावली काढली, तिच्यात कंपन्यांच्या पैशावर होणाऱ्या कार्यक्रमांना जाण्यालाही बंदी होती. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगित झाली. संघटनांनी तेव्हा विरोध केला, आणि त्यातली काही कारणं खरीही होती: सभागृह, वक्त्यांचा प्रवास, जेवण, या सगळ्याला पैसा लागतो आणि तो येणार कुठून?

सभासदांकडून यावा, असं माझं उत्तर आहे. ज्या व्यासपीठावर मधुमेहाची नवी गोळी किती चांगली हे ऐकायचं, त्या व्यासपीठाच्या मागे त्याच गोळीचा फलक नको. आम्ही फिजिशियन काही गरीब नाही. कार्यक्रम साधा करा, हॉटेलऐवजी जिल्हा रुग्णालयाचं सभागृह घ्या, जेवणाला वरण-भात चालेल. सभासदत्वाचा खरा अर्थ स्वतःच्या शिक्षणाचा खर्च स्वतः उचलणं हाच आहे. कंपनीने खर्च उचलला की आम्ही तिथे सभासद राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

६.४५

चार नंबरचं रक्त पुन्हा तपासलं. क्रिएटिनिन सकाळइतकंच, वाढलेलं नाही. ऑक्सिजन उत्तम, खोकल्यात रक्त नाही. मुंबईतल्या किडनीच्या डॉक्टरांशी बोललो, तेही म्हणाले, लघवी चालू आहे तोवर तिथेच ठेव. हलवत नाही.

७.३०

आज माणगावला सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचा कार्यक्रम आहे. विषय पावसाळी ताप, दुसरं व्याख्यान एका वकिलांचं.

सीएमई आम्हाला चुकवता येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० गुण जमवायचे असतात. संघटना कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता घेते, कौन्सिलचा निरीक्षक येऊन बसतो, हजेरी लागते, मग गुण मिळतात. हे सगळं कागदी काम संघटनेचे पदाधिकारी आपला दवाखाना सांभाळून, विनामोबदला करतात, हे लोकांना माहीत नसतं. नुसत्या गुणांसाठी सही करून मागच्या दाराने जाणारेही मी पाहिले आहेत. तरी नियम असावा. त्याच्यामुळे निदान माणूस दारापर्यंत येतो, आणि आल्यावर एखादं वाक्य कानावर पडतंच.

मी आज जाऊ शकत नाही. जायला-यायला तीन तास, कार्यक्रमाचे तीन. तेवढा वेळ वॉर्डात लेप्टोचा पेशंट आणि गावात दुसरा फिजिशियन नाही. म्हसळ्याचे सहकारी एरवी माझी बाजू सांभाळतात आणि मी त्यांची, पण आज ते स्वतःच वक्त्यांच्या यादीत आहेत. म्हणून मी लॅपटॉपवर जोडला जातो. कोविडनंतर ही सोय झाली, ऑनलाइन कार्यक्रमांनाही कौन्सिलची मान्यता मिळते. वीज गेली आहे, इन्व्हर्टर चालू आहे, आवाज तुटक येतो.

वकिलांचं व्याख्यान मी लक्ष देऊन ऐकतो. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायची तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. महाराष्ट्रात २०१०पासून रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण वकील वारंवार एकाच गोष्टीवर येतात: लिहा. काय बघितलं, काय सांगितलं, किती वाजता दिलं, कुणाची सही. हल्ला झाल्यावर कायदा मदतीला येतो, त्याच्या आधी घरच्यांशी दहा मिनिटं बसून बोलणं मदतीला येतं. हे ते वकील असून सांगतात, म्हणून मला पटतं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी नेट जातं. म्हसळ्याच्या सहकाऱ्यांचं लेप्टोवरचं बोलणं निम्मंच ऐकू आलं.

अशा वेळी ३ जून २०२० आठवतो. निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं, सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, आणि विजेबरोबर फोनचे टॉवरही गेले. ज्या फोनच्या भरवशावर आम्ही इथे मोठ्या आजारांना हात घालतो तो बंद झाला की काय उरतं? डॉक्टरच्या स्वतःच्या हातात जेवढं आहे तेवढंच. म्हणून माझा आग्रह आहे की शिक्षण पडद्यावरून मिळतं तसं ते हाताने करूनही मिळालं पाहिजे. व्हेंटिलेटर लावणं, मण्यार चावलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणं, इकोचा प्रोब धरणं, या गोष्टी लॅपटॉपसमोर बसून येत नाहीत. कुणीतरी बाजूला उभं राहून आपला कोपर सरळ करावा लागतो.

९.४५

नाखवा पोचला. नवी मुंबईहून फोन आला, अँजिओग्राफी उद्या सकाळी, तब्येत स्थिर. त्यांच्या मुलाशीही बोललो.

आता रात्रीचा राउंड होईपर्यंत तासभर मी वही घेऊन बसतो. या मोसमातल्या लेप्टोच्या पेशंटची नोंद: वय, काम, पायाला भेगा होत्या का, तापाच्या कितव्या दिवशी आला, डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची प्रतिबंधक गोळी घेतली होती का, लघवी किती, प्लेटलेट कधी वर आल्या. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या कम्युनिटी मेडिसिनवाल्यांशी बोलून हे नीट मांडायचं आहे. किनाऱ्यावरचा डॉक्टर संघटनेकडून फक्त घेत राहिला तर ते बरोबर नाही. आमच्याकडे जे पेशंट आहेत ते मुंबईच्या प्राध्यापकांकडे नाहीत. लिहिण्याची सवय मात्र त्यांना आहे आणि आम्हाला नाही. ही दरी भरायला राज्य शाखेने काही केलं तर फार बरं होईल: लेखाचा मसुदा तपासून देणारा एखादा ज्येष्ठ, आकडेवारी बघणारा कुणीतरी, एवढं पुरेल.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, रोह्याकडे नव्याने येऊन बसणाऱ्या तरुण फिजिशियनना माझं सांगणं आहे. दवाखान्याची पाटी लावायच्या आधी आजीव सभासदत्वाचा फॉर्म भरा. पहिल्या वर्षी एका तरी परिषदेला स्वतःच्या पैशाने जा. व्याख्यानांइतकाच वेळ चहाच्या टेबलाशी घालवा आणि दहा माणसांचे नंबर घेऊन या. कधीतरी भर दुपारी त्यातला एक लागणार आहे.

आणि महाराष्ट्र शाखेच्या कार्यकारिणीला विनंती अशी: वर्षातली एक कार्यशाळा महामार्गाच्या पश्चिमेला घ्या. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी, श्रीवर्धनला किंवा मुरूडला. सोबत पुतळे, नळ्या, इकोचं एक मशीन आणा, आणि दोन दिवस इथले वॉर्ड सांभाळायला पनवेल-मुंबईचे दोन फिजिशियन पाठवा, म्हणजे आम्हालाही हजर राहता येईल. जागा, जेवण आणि मुक्काम आम्ही इथले सभासद वर्गणीतून करू.